माथेरानला जाऊन बसू नका!

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. अनेकांना ही गैरसोय वाटते. मी म्हणतो, हीच तिथली सर्वात मोठी सोय आहे! गाडीत बसून ‘पॉइंट’ उरकणे ही सहल नव्हे, ती फक्त खुर्चीची बदली. ‘दोन दिवस चालून काय होणार?’ असे पेशंट विचारतात. आठवड्याचे 150 मिनिटांचे भरभर चालणे शनिवार-रविवारी विभागले, तरी हृदयाला फायदा होतो. जेवणानंतर चाललात, तर पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. शिवाय लाल मातीचा वास, फांदीवरची शेकरू, मध्येच वाट वाकडी करण्याची मजा काचेआडून मिळत नाही. गुडघे धडधाकट असतील तर घोडा कशाला? मात्र छातीत दुखले किंवा बोलताही येणार नाही इतका दम लागला, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.