परदेशी नाणे स्वस्त का?

हजहून किंवा आखातातून परतणाऱ्यांच्या खिशात रियाल-दिरहमची नाणी उरतातच. मनी चेंजर नोटा घेतो. नाणी सहसा परत सरकवतो. मग तीच नाणी दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने हातोहात जातात. लोक याला लगेच फसवणूक म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. ताग्याचा भाव कटपीसला कधी मिळाला आहे? माल तोच, पण गिऱ्हाईक शोधावे लागते. नाण्याचेही तसेच. वजन जास्त, किंमत थोडी, आणि पुरे मोल फक्त त्याच्या मुलखात.

मात्र नाणे चालू की बंद, हे आधी पाहावे. फ्रान्सची फ्रँक नाणी बदलून घेण्याची मुदत फेब्रुवारी २००५ मध्येच संपली. उलट जर्मनीत २००२ साली मार्क जाऊन युरोची नाणी-नोटा आल्या, तरी तेथील मध्यवर्ती बँक मार्कची नाणीसुद्धा आजही बदलून देते : १०० मार्कला ५१.१३ युरो, मुदतीची अट नाही. हे घेणाऱ्याला ठाऊक आणि विकणाऱ्याला नाही, असा सौदा झाला तर तो नफा नव्हे, दुसऱ्याच्या अज्ञानाची वसुली आहे. व्यापाऱ्याने मालाची खरी किंमत सांगावी, मग भाव करावा.

प्रवाशांनी नाणी तिथेच आधी खर्चावीत. उरलीच तर घाईने विकू नयेत. परदेशी नाणी जवळ ठेवण्यावर आपल्या कायद्यात मर्यादा नाही. घरातले कोणी पुन्हा तिकडे निघाले, की त्याच्या हाती द्यावीत. तिथे ती पुऱ्या किमतीला चालतील.