वंशाचा दोष की नोंदीचा?

जन्मजात हृदयदोषांत वांशिक फरक आढळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला पडणारे छिद्र जगभर दिसते. मात्र ते फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या झडपेलगत असण्याचे प्रमाण जपान-चीनमधील बालकांत पाश्चात्त्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. अशा छिद्रात महाधमनीच्या झडपेची पाकळी ओढली जाऊन पुढे झडप गळू लागते, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. उलट महाधमनीची अरुंद झडप किंवा अविकसित डावा कप्पा हे दोष अमेरिकेतील गोऱ्या बालकांत तुलनेने जास्त नोंदले जातात.

नोंदले जातात, हा शब्द येथे महत्त्वाचा. भारतात दरवर्षी सुमारे दोन लाखांहून अधिक बालके हृदयदोषासह जन्मतात, असा अंदाज आहे. तो अंदाजच, कारण आपली बहुतेक आकडेवारी मोठ्या रुग्णालयांतून येते. तेथवर पोहोचलेले मूलच मोजले जाते. गर्भावस्थेत उघडी असणारी डक्टस ही रक्तवाहिनी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. जीव तिच्यावरच तगून असलेले बाळ तोवर गुलाबी, सुदृढ दिसते आणि घरी जाते. पहिल्या आठवड्यात ते दगावले, तर कारण बहुधा जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया ठरते. अशा नोंदींवरून 'भारतीयांत हे दोष कमीच' असा निष्कर्ष काढणे हा वंशशास्त्राचा नव्हे, दारिद्र्याचा हिशेब होय.

उजवा हात व पाय यांवर पल्स ऑक्सिमीटर लावून काही मिनिटांत होणारी चाचणी यातील बरीच बाळे वाचवू शकते. अमेरिकेने २०११ मध्ये तिची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून हृदयदोषांचा समावेश आहे, केरळने 'हृद्यम्' योजनेतून उपचारांपर्यंतची साखळी उभारली. इतरत्र मात्र ही चाचणी अजूनही प्रसूतिगृहाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

आणि येथेच वर्णाचा खरा प्रश्न उभा राहतो. हे यंत्र काळसर त्वचेवर प्राणवायूचे प्रमाण फुगवून दाखवू शकते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, यंत्राने सुस्थिती दाखवूनही रक्तात प्राणवायू कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय प्रौढ रुग्णांत सुमारे १२ टक्के, तर गोऱ्यांत ४ टक्क्यांहून कमी होते. नवजातांच्या चाचणीत ९५ आणि ९४ यांतील फरकावर पुढची तपासणी ठरते. तेव्हा सरकारी खरेदीच्या निविदेत, भारतीय वर्णाच्या नवजातांवर पारखलेलेच यंत्र हवे, अशी अट असलीच पाहिजे.