‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाची किंमत

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न एरवी ओळखीपाळखीच्या गप्पांत सहज विचारला जातो आणि उत्तर मिळताच विसरलाही जातो. अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या, म्हणजे फॅण्टसीच्या वाचकांमध्ये मात्र या प्रश्नाला निराळेच वजन आहे. जानेवारी २०२५ मध्ये रेबेका यारोस या अमेरिकी लेखिकेची ‘ऑनिक्स स्टॉर्म’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. ड्रॅगनवर स्वार होऊन लढणाऱ्या सैनिकांच्या विद्यालयाची ही कथा. त्यातही मालिकेतील तिसरा भाग. मे २०२३ मध्ये मालिकेचा पहिला भाग आला तेव्हा प्रेमकथांच्या वाचकवर्गाबाहेर यारोस यांचे नाव फारसे परिचित नव्हते. मधल्या वीस महिन्यांत जे घडले, त्यात साहित्यसमीक्षेचा वाटा नगण्य होता. एका वाचकाने दुसऱ्याला ‘मी सध्या हे वाचतो आहे, तूही वाच’ असे सांगितले आणि हे सांगणे देशोदेशी पसरत गेले. वाचकांच्या परस्पर शिफारशीत किती सामर्थ्य आहे, याचा हा अलीकडचा पुरावा. मात्र जे सामर्थ्य एवढी विक्री घडवून आणू शकते, ते फार काळ केवळ वाचकांच्या हाती राहत नाही. या शिफारशीचा निरपेक्षपणा टिकणार की नाही, हाच आता खरा प्रश्न आहे.

वाटाड्याची गरज

हे फॅण्टसीच्याच बाबतीत इतक्या ठळकपणे का घडावे, याचे उत्तर या साहित्यप्रकाराच्या घडणीत आहे. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका १४ खंडांची आहे. स्टीव्हन एरिक्सन यांची ‘मलाझान’ मालिका दहा जाडजूड खंडांची, तर टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या कादंबऱ्या तब्बल ४१. अशा विश्वात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने सुरुवात तरी कोठून करावी? ‘डिस्कवर्ल्ड’ची पहिली कादंबरी १९८३ मधील, परंतु मुरलेले वाचक नवोदिताला तिच्यापासून सुरुवात न करता शहराच्या पहारेकऱ्यांच्या कथा आधी वाचण्याचा सल्ला अनेकदा देतात. ‘मलाझान’च्या पहिल्या खंडाबाबत, आरंभी काहीच उलगडणार नाही, तरी नेट धरावा, असा धीर दिला जातो. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकूर हे कधीच सांगत नाही, कारण त्याला पुस्तक विकायचे असते. आधी त्या वाटेने जाऊन आलेला वाचकच ते सांगू शकतो. एका मालिकेत वाचकाचे कित्येक महिने, क्वचित वर्षेही खर्ची पडतात. त्यामुळे वाटाड्या विश्वासाचा असणे ही येथे चैन नसून गरज आहे.

वीस सेंटांचा निर्णय

वाचकांच्या या परस्परविश्वासाने प्रकाशन व्यवसायाला वाकवल्याचे पहिले मोठे उदाहरण साठ वर्षांपूर्वीचे आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये अमेरिकेतील एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकी स्वामित्व कायद्यातील एका तांत्रिक अटीचा आधार घेऊन, लेखकाची परवानगी न घेता आणि मानधन न देता, तिची स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. प्रत्येक खंडाची किंमत होती ७५ सेंट. त्याच वर्षी बॅलंटाइनने काढलेली अधिकृत आवृत्ती मात्र ९५ सेंटांना मिळत होती. टॉल्किन यांनी अधिकृत आवृत्तीच्या वेष्टनावर वाचकांना उद्देशून निवेदन छापले, शिवाय अमेरिकी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना ते या प्रकाराची माहिती आवर्जून देत राहिले. ही माहिती वाचकांनी एकमेकांना सांगितली आणि निषेधाचा सूर वाढत गेला. अखेर एस बुक्सने लेखकाला मानधन देण्याचे आणि ती आवृत्ती पुन्हा न छापण्याचे मान्य केले. अमेरिकी विद्यापीठांच्या आवारात ही कादंबरी घरोघरच्या नावासारखी झाली, तीही याच काळात. वीस सेंट जादा मोजून लेखकाच्या बाजूने उभा राहणारा वाचकवर्ग या साहित्यप्रकाराला तेव्हा लाभला.

पुढील इतिहासातही हाच धागा दिसतो. जे. के. रोलिंग यांचे ‘हॅरी पॉटर’चे पहिले हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर ब्लूम्सबरीकडे आले. संस्थेच्या प्रमुखांनी पहिले प्रकरण घरी नेले, ते त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने वाचले आणि पुढचे केव्हा मिळणार, असा हट्ट धरला. १९९७ मध्ये त्या पुस्तकाच्या पहिल्या पुठ्ठाबांधणीच्या आवृत्तीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या गेल्या होत्या. २०२२ मध्ये ट्रॅव्हिस बाल्ड्री यांनी ‘लेजेण्ड्स अँड लाटेज’ ही कादंबरी स्वत:च प्रसिद्ध केली. तलवार खाली ठेवून कॉफीचे दुकान थाटणाऱ्या एका राक्षसवंशीय लढवय्या स्त्रीची ही कथा वाचकांनी परस्परांत अशी पसरवली, की त्याच वर्षी टॉर या बड्या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा छापली. मार्च २०२२ मध्ये ब्रँडन सँडरसन यांनी गुपचूप लिहिलेल्या चार कादंबऱ्यांसाठी थेट वाचकांकडे आगाऊ वर्गणी मागितली, तेव्हा महिन्याभरात १ लाख ८५ हजारांहून अधिक वाचकांनी ४ कोटी १७ लाख डॉलर जमा केले. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या व्यवस्थेला हा इशारा होता.

शिफारशीचा बाजार

व्यवस्थेने हा इशारा ओळखला आणि तेथूनच प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते. प्रेमकथा आणि अद्भुत यांच्या मिश्रणातून फोफावलेल्या ‘रोमॅण्टसी’ या उपप्रकाराने प्रकाशकांचे ताळेबंद बदलून टाकले. ब्लूम्सबरीची फेब्रुवारी २०२४ अखेरच्या वर्षातील उलाढाल ३४ कोटी पौंडांच्या पुढे गेली. त्यात सारा जे. मास यांच्या कादंबऱ्यांचा वाटा मोठा होता. या यशाकडे नाक मुरडून पाहण्याची जुन्या फॅण्टसी वाचकांची वृत्ती मात्र न्याय्य म्हणता येणार नाही. या उपप्रकाराचा वाचकवर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा आहे आणि अद्भुत साहित्याने कित्येक दशके त्यांच्या आवडीनिवडीची दखलच घेतली नव्हती. त्यांनी आपली पुस्तके आपापसांत शोधली, वाढवली आणि बाजाराला ती छापायला लावली, हे निर्विवाद आहे.

चिंता आहे ती यानंतरच्या घडामोडींची. पुस्तक प्रसिद्ध होण्याआधीच चर्चा घडवून आणण्यासाठी निवडक वाचकांना आगाऊ प्रती पाठवल्या जातात. पानांच्या कडा रंगवलेल्या, संग्राह्य म्हणून मिरवणाऱ्या मर्यादित आवृत्त्या निघतात. ‘आधी वैर, मग प्रेम’ यांसारखी कथाघटकांची लेबले औषधाच्या बाटलीवरील घटकद्रव्यांप्रमाणे जाहिरातीत छापली जातात. यातील एकही गोष्ट मुळात गैर नाही. तथापि फुकट आलेल्या प्रतीविषयी वाचक जे बोलतो आणि स्वत: पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाविषयी जे बोलतो, त्यात फरक पडण्याची शक्यता असतेच. शिवाय ज्या पुस्तकाचे वर्णन अशा लेबलांत बसत नाही, त्याची शिफारस करणे अवघड होते. सुझाना क्लार्क यांच्या ‘पिरानेसी’ (२०२०) या कादंबरीतील नायक असंख्य दालनांच्या, पुतळ्यांनी भरलेल्या आणि समुद्राच्या लाटा आत येणाऱ्या एका वास्तूत राहतो. याहून अधिक काही सांगावे, तर वाचनातील शोधाचा आनंद हिरावला जातो. अशा पुस्तकासाठी ‘माझ्यावर विश्वास ठेव आणि वाच’ एवढेच म्हणणारा मित्र लागतो.

प्रतीक्षेचा हक्क

वाचकांच्या एकीचा ताण लेखकावरही पडतो. रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची मालिका अपुरी होती. त्यांच्या पत्नी आणि संपादिका हॅरिएट मॅक्डुगल यांनी ती पूर्ण करण्यासाठी निवड केली ब्रँडन सँडरसन यांची, म्हणजे जॉर्डन यांची पुस्तके वाचत मोठ्या झालेल्या एका वाचक-लेखकाची. जॉर्डन यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या आधारे जानेवारी २०१३ मध्ये अखेरचा खंड आला आणि वाचकांची २३ वर्षांची प्रतीक्षा संपली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या वाचकांच्या वाट्याला हे समाधान आले नाही. त्यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड जुलै २०११ मध्ये आला. त्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका २०१९ मध्ये संपली, तरीही सहावा खंड आलेला नव्हता.

लेखक वाचकांचे काही देणे लागतो काय, या वादात दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आहे. त्याचा एक परिणाम मात्र दुर्लक्षिला जातो. हात पोळलेले वाचक आता एकमेकांना बजावतात, की मालिका पूर्ण झाल्याखेरीज तिला हात लावू नका. सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण त्याचा फटका बसतो तो नवोदित लेखकांना. पहिला खंड खपला नाही, तर प्रकाशक पुढच्या खंडांतून अंग काढून घेतो आणि पूर्ण होण्याची वाट पाहिली गेलेली मालिका त्या वाट पाहण्यामुळेच अपुरी राहते. मार्टिन यांच्या विलंबाची किंमत अशा रीतीने ज्यांचे नावही कुणी ऐकलेले नाही, असे लेखक मोजतात.

मतपत्रिकेवरील संघर्ष

आपण काय वाचले आणि काय आवडले, हे सांगण्याची वाचकांची सर्वात औपचारिक जागा म्हणजे १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यत्वे वाचकच, त्यासाठी मतदान करतात. २०१५ मध्ये ठरावीक नावांच्या याद्या फिरवून नामांकने काबीज करण्याचा संघटित प्रयत्न झाला. सभासदांनी पाच विभागांत ‘पुरस्कार कुणालाच नको’ असा कौल देऊन त्याला उत्तर दिले. त्यानंतर २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा मान मिळाला. २०२३ मध्ये चीनमधील चेंगडू येथे संमेलन झाले, तेव्हा आर. एफ. कुआंग यांची ‘बॅबेल’ ही कादंबरी पुरेशी नामांकने मिळूनही कोणतेही कारण न देता अपात्र ठरवली गेल्याचे जानेवारी २०२४ मध्ये उघड झाले. पुरस्काराच्या व्यवस्थापनातील काहींनी लेखकांच्या राजकीय मतांची छाननी केली होती, हे पुढे बाहेर आलेल्या पत्रव्यवहारातून दिसले. ही फसवणूक वाचकांनीच आकडे पडताळून उजेडात आणली, हे विशेष. ज्याला काही किंमत आहे, त्यावरच कब्जा करण्याचा प्रयत्न होतो; वाचकांचे मत आता त्या पंक्तीत आले आहे.

मराठी वाचकाचे काय?

अद्भुताचे मराठीला वावडे कधीच नव्हते. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या ‘चांदामामा’चे मराठी रूप, म्हणजे ‘चांदोबा’, घरोघरी हातोहात वाचले गेले. विक्रम-वेताळाचा पुढचा अंक कुणाकडे आहे, हा एकेकाळी आळीतल्या मुलांपुढचा गहन प्रश्न होता. मुंबईचे लेखक अमीश त्रिपाठी यांना ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’साठी (२०१०) प्रकाशकांनी दाद दिली नाही, तेव्हा पुस्तकाचे पहिले प्रकरण छापून दुकानांतून फुकट वाटण्याचा मार्ग त्यांनी पत्करला आणि पुढचे काम वाचकांनी केले. आपल्याकडेही ही यंत्रणा चालते, हे त्यातून दिसले.

परंतु तिचा लाभ मराठी पुस्तकांना क्वचितच मिळतो. मुग्धा कर्णिक यांनी टॉल्किन यांचे तीनही खंड ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणण्याचे अवघड काम केले. ‘हॅरी पॉटर’ही मराठीत उपलब्ध झाला. मात्र पुण्या-मुंबईतील ज्या घरांत मुले यारोस किंवा सँडरसन यांची इंग्रजी पुस्तके मैत्रिणीच्या सांगण्यावरून मागवतात, त्या घरांत या अनुवादांचे नाव किती वेळा निघते? पूर्वी सर्क्युलेटिंग लायब्ररीतील चालक सभासदाची आवड ओळखून पुस्तक पुढे करीत असे. अशी वाचनालये शहरांतून कमी होत गेली आणि त्या सांगण्याची जागा रिकामी राहिली. ती प्रकाशकाच्या जाहिरातीने भरून निघणारी नाही, आणि अनुदानाने तर मुळीच नाही.

आगाऊ प्रती, आकर्षक वेष्टने, पुरस्कारांची नामांकने या साऱ्यांवर प्रकाशन व्यवसाय पैसा खर्च करू शकतो. १९६५ मध्ये वीस सेंट जादा देणाऱ्या वाचकाला तसे करण्यासाठी कुणी पैसे दिले नव्हते. आपल्याला आवडलेले पुस्तक ज्याने लिहिले त्याच्यावर अन्याय होऊ नये, एवढेच त्याला वाटत होते. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला आजही असेच उत्तर मिळत असेल, न आवडलेले पुस्तक न आवडल्याचे सांगितले जात असेल आणि मालिकेचा पहिला खंड लिहिणाऱ्या अनोळखी लेखकालाही त्यात जागा असेल, तर बाजार कितीही वाढला तरी वाचकाने चिंता करण्याचे कारण नाही. मराठी वाचकाने तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. आणि त्याच्या उत्तरात अधूनमधून एखादे मराठी पुस्तकही यायला हवे.