हसवणाऱ्याची निष्ठा कोण तपासतो?

राज कपूर रशियात किती लोकप्रिय होता हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच रशियाला पिढ्यान्‌पिढ्या हसवणारा तिथला नट कोण, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. त्याचे नाव अर्कादी रायकिन. सोव्हिएत काळात वाढलेल्या कुणालाही हे नाव सांगा, चेहऱ्यावर हसू येईलच. रायकिन यांची गोष्ट मला केवळ मनोरंजनाची वाटत नाही. हसवणारा माणूस अल्पसंख्य समाजातला असेल तर त्याच्याकडून काय मागितले जाते आणि त्याच्यावर काय लादले जाते, हे या गोष्टीत लख्ख दिसते.

रायकिन यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1911 रोजी रीगा शहरातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. रीगा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धात कुटुंब रिबिन्स्कला गेले आणि पुढे 1922 मध्ये पेट्रोग्राडला, म्हणजे नंतरच्या लेनिनग्राडला आले. वडिलांना मुलाने नट होणे पसंत नव्हते. लहानपणी संधिवाताच्या तापाने मुलगा कित्येक महिने अंथरुणाला खिळला होता. शाळेनंतर एका रासायनिक कारखान्यात त्याने प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून काम केले आणि 1930 मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला.

1939 मध्ये विविधरंगी कार्यक्रमांच्या कलाकारांची पहिली अखिल सोव्हिएत स्पर्धा झाली आणि तिच्यात रायकिन यांचे नाव झाले. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये छोट्या छोट्या प्रवेशांचे एक नाट्यगृह सुरू झाले. 1942 पासून ते त्याचे कलाप्रमुख होते. महायुद्धात या मंडळींनी आघाडीवरच्या सैनिकांसमोर प्रयोग केले. मरण समोर उभे असलेल्या माणसाला हसवणे हे काम किती जबाबदारीचे असते, हे वेगळे सांगायला नको.

त्यांची पद्धत दिसायला साधी होती. एक माणूस, थोडे सामान, काही मुखवटे. पडद्याच्या एका टोकाने आत गेलेला कारकून काही क्षणांत दुसऱ्या टोकाने अधिकारी होऊन बाहेर यायचा. नाक, टोपी, चालण्याची ढब आणि आवाज एवढ्यावर माणूस बदलायचा. शेवटी मुखवटा उतरला की खाली रायकिन यांचा स्वतःचा देखणा, थोडासा उदास चेहरा दिसायचा.

ते कुणावर हसवत? 'कोट कुणी शिवला?' हा प्रवेश पाहावा. गिऱ्हाईक शिंप्याच्या दुकानात वेडावाकडा शिवलेला कोट घालून येते आणि विचारते, हे कुणी केले? एकापाठोपाठ एक कारागीर बाहेर येतात. एकाने फक्त खिसा शिवलाय, दुसऱ्याने फक्त बाही, तिसऱ्याने फक्त बटणे. बटणे तर इतकी पक्की की तुटायची सोय नाही. प्रत्येकाचे काम नियमाप्रमाणे झालेले आहे आणि आख्ख्या कोटाला जबाबदार कुणीच नाही. सरकारी कचेरीत एकदा जरी खेटे घातले असतील तर हा कोट ओळखायला रशियन भाषा येण्याची गरज नाही. दुसऱ्या एका स्वगतात टंचाईचे गुणगान आहे. सगळ्यांना सगळे मिळू लागले तर गोदाम सांभाळणाऱ्याला विचारणार कोण, असा त्या पात्राचा बिनतोड युक्तिवाद! टंचाई ही चूक नसून कुणाची तरी मिळकत असते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळते.

हे दोन्ही प्रवेश मिखाईल झ्वानेत्स्की यांनी लिहिले. ओडेसाच्या बंदरात अभियंता असलेल्या या तरुणाला रायकिन यांनी 1964 मध्ये लेनिनग्राडला बोलावून घेतले. पुढे दोघांचे बिनसले आणि वाटा वेगळ्या झाल्या. पण त्या काही वर्षांत जे लिहिले आणि वठवले गेले, त्यातली वाक्ये रशियात म्हणींसारखी वापरली जातात.

पेशाने शिक्षक असल्यामुळे मला 1970 चा 'कलेची जादुई शक्ती' हा चित्रपट विशेष आवडतो. व्हिक्टर द्रागून्स्की यांच्या कथेवर त्याचा एक भाग आहे. एका घरात अनेक कुटुंबे आणि स्वयंपाकघर सामाईक अशा सोव्हिएत पद्धतीच्या बिऱ्हाडात एक वृद्ध शिक्षिका राहते. उर्मट शेजारी तिला छळतात. तिचा जुना विद्यार्थी आता नट झालेला आहे. तो शेजाऱ्यांना उपदेश करत नाही. नवा भाडेकरू म्हणून येतो आणि त्यांच्याहून दसपट उर्मट वागतो. आपलाच उर्मटपणा समोर उभा राहिलेला पाहून शेजारी हवालदिल होतात आणि बाईंशी गोड बोलू लागतात. आरसा दाखवणे म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

रायकिन यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ते हसले ते दुकानदार, कारकून, दारुडे आणि मधले साहेब यांना. क्रेमलिनला हात लावला नाही. सरकारने त्यांना 1968 मध्ये 'जन कलाकार' केले, 1980 मध्ये लेनिन पुरस्कार दिला आणि 1981 मध्ये 'समाजवादी श्रमवीर' ठरवले. म्हणजे हा हशा प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा होता, वाफ जाऊ द्यायची आणि झाकण घट्ट ठेवायचे, असे टीकाकार म्हणतात.

आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण धाडस मोजताना आधी जागा मोजावी लागते. ऑगस्ट 1946 मध्ये पक्षाने ठराव करून लेनिनग्राडचेच विनोदी लेखक मिखाईल झोशेन्को यांची जाहीर निर्भर्त्सना केली आणि लेखक संघातून त्यांना काढून टाकले. जानेवारी 1948 मध्ये ज्यू रंगभूमीचे सर्वांत मोठे नट सोलोमन मिखोएल्स यांचा मिन्स्कमध्ये खून झाला आणि तो अपघात म्हणून दाखवला गेला. पुढच्या वर्षी त्यांचे नाट्यगृह बंद झाले. 'मुळे नसलेले विश्वनागरिक' असे म्हणत वृत्तपत्रे ज्यू लेखक-समीक्षकांना झोडपत होती. जानेवारी 1953 मध्ये तर ज्यू डॉक्टरांवर नेत्यांना मारण्याच्या कटाचा खोटा आरोप झाला. त्याच शहरात, त्याच वर्षांत एक ज्यू नट मंचावर उभा राहून सरकारी माणसाच्या मूर्खपणावर लोकांना हसवत होता. प्रत्येक ओळ आधी परीक्षण मंडळाकडून मंजूर करून आणावी लागत होती. अशा जागेत कारकुनावर हसणे स्वस्त नसते. कारकून हेच त्या राज्याचे सामान्य माणसाला दिसणारे तोंड होते.

उर्दूत आपण 'तंज़-ओ-मिज़ाह' असे जोडून म्हणतो. मिज़ाह म्हणजे निखळ विनोद, तंज़ म्हणजे बोचणारा. मिज़ाहवर सत्ता खूश असते. तंज़ कुठे सुरू झाला ते मात्र सत्तेला लगेच कळते. रायकिन यांचे कौशल्य असे की मंजुरीच्या कागदावर मिज़ाह दिसायचा आणि प्रेक्षागृहात तंज़ ऐकू यायचा.

आणि त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. जून 1967 मध्ये सोव्हिएत संघाने इस्राएलशी राजनैतिक संबंध तोडले. त्यानंतर 'इस्राएल' हा शब्द कुठल्याही सोव्हिएत ज्यू माणसावर शिक्का मारायला पुरेसा होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रायकिन यांच्याबद्दल एक अफवा देशभर पसरली. आई वारली तेव्हा तिच्या शवपेटीत सोने आणि हिरे भरून त्यांनी इस्राएलला पाठवले म्हणे! गोष्ट निखालस खोटी. पण ज्याच्या प्रयोगाची तिकिटे मिळवायला लोक रात्र रात्र रांगेत उभे राहत, त्याच्याचबद्दल लोक हे कुजबुजत होते.

इथे थांबून विचार करायला हवा. अफवेत त्यांच्या विनोदाचा उल्लेखही नाही. नाटक वाईट होते, भूमिका फसली, असे काही म्हटलेले नाही. आरोप एकच: हा आपला नाही, याचे मन दुसरीकडे आहे. युद्धात आघाडीवर जाऊन सैनिकांना हसवलेल्या माणसाच्या निष्ठेचा पुरावा त्याच्या आईच्या शवपेटीत शोधला गेला. अल्पसंख्य समाजातल्या यशस्वी माणसाला मिळालेले प्रेम अनेकदा असे उसने असते. टाळ्या खऱ्या असतात, पण परत मागून घेण्याचा हक्क देणाऱ्याने राखून ठेवलेला असतो. हे वाचताना आपल्यापैकी कुणाला काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

मला रायकिन यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती गोष्ट पुढची आहे. त्यांनी मंचावर कोण रंगवले? रांगेतला नागरिक, संग्रहालयात पुतळ्यांमध्ये दारू प्यायला जागा शोधणारा तळीराम, खुर्चीवरचा ढिम्म साहेब. साऱ्या देशाची माणसे. केवळ आपल्या समाजाचा प्रवक्ता होऊन ते उभे राहिले नाहीत आणि 'मी तुमचाच आहे' अशी शपथही घेत बसले नाहीत. ज्या व्यवस्थेत आपण राहतो तिच्यावर हसण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा असतो, तो त्यांनी परवानगी न मागता वापरला. आपल्याकडेही मुसलमान लेखकाने लिहायचे ते तलाक, बुरखा आणि दंगल यांवरच, अशी एक अपेक्षा असते. त्या विषयांवर लिहायलाच हवे. पण रेशनच्या रांगेवर, नगरपालिकेच्या खड्ड्यावर आणि शाळेच्या गळक्या छपरावर हसवण्याचा, चिडण्याचा हक्कही आपलाच आहे. तो सोडून दिला तर नागरिकपणाचा अर्धा भाग आपणच सोडून दिल्यासारखे होईल.

लेनिनग्राडच्या पक्षनेत्यांचा जाच असह्य झाल्यावर 1982 मध्ये रायकिन यांनी नाट्यगृह मॉस्कोला हलवले. 1987 मध्ये त्याचे नाव 'सातिरिकोन' झाले आणि त्याच वर्षी 17 डिसेंबरला ते गेले. नाट्यगृह त्यांचे चिरंजीव कॉन्स्टंटिन रायकिन यांच्याकडे आले. 24 ऑक्टोबर 2016 रोजी रशियाच्या नाट्यकर्मींच्या अधिवेशनात कॉन्स्टंटिन यांनी सेन्सॉरशिपवर जाहीर टीका केली. नैतिकतेच्या आणि देशभक्तीच्या नावाखाली प्रयोग व प्रदर्शने बंद पाडणाऱ्या जमावांवरही ते बोलले. त्या दिवशी वडिलांच्या जन्माला बरोबर 105 वर्षे झाली होती.

बापाने जे मुखवट्याआडून सांगितले ते मुलाला उघड्या चेहऱ्याने सांगावे लागले. राज्य बदलले, झेंडा बदलला, कोट मात्र अजून वेडावाकडाच आहे. आणि तो कुणी शिवला असे विचारणाऱ्यालाच आजही विचारले जाते: आधी सांगा, तुम्ही नक्की कुणाचे?