पेटी थंडीची, काम उबेचे

कारखानदार वस्तूला एक काम नेमून देतो आणि घर तिला दुसरेच लावते. डालड्याच्या रिकाम्या डब्यात आपण तुळस वाढवली, सायकलच्या तारांवर स्वेटर विणले. ही कला टंचाईतच उपजते असे म्हणतात. पण सुबत्तेच्या मुलुखातही ती चांगली रुजली आहे. त्याचा दाखला मला अमेरिकेत, भाच्याच्या गॅरेजात मिळाला.

अमेरिकन माणूस सहलीला निघाला की एका पेटीत बर्फ आणि थंड पेये भरून घेतो. भाच्याने अशाच पेटीत चक्क कढत पाणी ओतले होते. मी पाहतच राहिलो. तो हसून म्हणाला, ‘‘मामा, आत थंड आहे की गरम, हे भिंतीला कुठे ठाऊक असते?’’

खरेच आहे. दुहेरी भिंतीमधला फोम बाहेरची उष्णता आत शिरू देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. घरी बिअर करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. सातूला मोड आणून, वाळवून भरडले की त्या माल्टात पिष्ट असते आणि पिष्टाची साखर करणारी विकरेही असतात. ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ती आपले काम उरकतात. पाणी फार तापले तर ती नष्ट होतात, फार निवले तर काम रेंगाळते. बाळासाठी मोडाच्या नाचणीचे पीठ करणाऱ्या गृहिणींना हे परके वाटू नये. त्या पिठाची पेज पातळ राहते ती असल्याच विकरांच्या करणीने.

भाच्याने पेटीची प्लॅस्टिकची तोटी काढून त्या भोकात रबरी वायसरासह स्टीलची चावी बसवली होती. आत गाळणी म्हणून नळजोडणीची तारेच्या विणीची नळी होती. तिच्यातली आतली नळी ओढून काढायची, उरलेल्या जाळीचे एक टोक चावीला जोडायचे आणि दुसरे दुमडून बंद करायचे. मात्र खरी गाळणी सातूच्या फोलांचीच. म्हणून भरडताना फोल शाबूत राखायचे. किलोभर भरडीला अडीच-तीन लिटर पाणी लागते. धान्य थंड असते, म्हणून पाणी ७२-७५ अंशांचे घ्यायचे आणि पेटीही आधी शेकून घ्यायची. सुरुवातीचा गढूळ रस परत वर ओतायचा आणि निवळ येऊ लागला की काढून घ्यायचा. हॉप्स घालून उकळणे, निववणे, यीस्ट सोडणे हे सगळे पुढचे. ह्या पेटीला तिकडे मॅश टन म्हणतात.

तिकडच्या कायद्याची गोष्टही गमतीची आहे. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाईन करायची मुभा मिळाली, बिअरची मात्र राहून गेली. ती १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने मिळाली. एकट्या प्रौढाच्या घरी वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर २००, आणि विक्री नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने परवान्यावाचून असले काही करणे गुन्हा आहे. तेव्हा वाचकांनी ही कृती वाचावी आणि सोडून द्यावी.

अशा पेट्यांच्या झाकणात पुष्कळदा फोम नसतो. म्हणून भाच्याने वरून गोधडी पांघरली होती. ती माझ्या आईने शिवलेली, अक्काने त्याच्यासोबत धाडलेली. अक्काही तेव्हा तिथेच राहायला आली होती. तिच्या सासऱ्यांनी दारूपायी राहते घर विकले होते. तिने गोधडी उचलली, घडी केली आणि म्हणाली, ‘‘हिच्याखाली तू झोपलास. हे नाही झोपायचे.’’

‘‘आई, मी मोजून करतो. महिन्यातून एकदा. निम्मी शेजाऱ्यांना देतो.’’

‘‘तेही मोजूनच सुरू करीत.’’

ह्यावर भाच्यापाशी उत्तर नव्हते आणि माझ्यापाशीही नव्हते. मराठी शिकवणाऱ्यापाशी शब्द पुष्कळ असतात, पण असल्या वेळी कामी येतील असे फार थोडे. भाच्याने निमूटपणे जुने ब्लँकेट आणून पेटीवर टाकले. अक्काने ते काढले नाही.

संध्याकाळी रस काढून झाला आणि पेटीत गोडसर वासाचा चोथा उरला. तो फेकायला भाचा निघाला, तशी अक्का आतून म्हणाली, ‘‘एवढे धान्य टाकणार?’’ तिने दोन मुठी चोथा भाजणीत मळला आणि थालीपिठे थापली. फोलांमुळे ती जरा खरखरीत लागली. भाच्याने चार खाल्ली.

बिअर तयार व्हायला अजून काही आठवडे होते. ती अक्काने चाखली नाही आणि भाच्यानेही आग्रह केला नाही. पण त्या रात्री तो पेला घेऊन आईसमोर बसला तेव्हा त्यात ताक होते. हे कोणी कोणाला सांगितले नव्हते. घरात काही मापे अशी न बोलताच ठरतात. त्यांना गॅलन लागत नाहीत.