कायदा आठवीपर्यंत, पुढे तुकडी!

पिंगळी हे परभणी–पूर्णा लोहमार्गावरचे छोटे स्थानक. बाजार, कोर्टकचेरी, दवाखाना यासाठी हे गाव परभणीकडे पाहते, आणि आठवी-नववीपासून शाळेसाठीही. पिंगळीची आणि आसपासच्या खेड्यांची मुले पाठीवर दप्तर आणि खिशात पास घेऊन शहरातल्या ज्या अनुदानित मराठी शाळेत जातात, तिथल्या नववीचे हजेरीपत्रक एकदा सवडीने वाचावे. शेतकऱ्याचा मुलगा आहे, बुद्धविहाराशेजारी राहणारी मुलगी आहे. घरी गोरमाटी बोलणारा तांड्यावरचा पोरगा आहे, वडार वस्तीतला आहे, ‘हौ’ आणि ‘नक्को’शिवाय वाक्य पुरे न करणारी दखनी मुलगी आहे. रमजानमध्ये हिची बाटली दप्तरातच राहते आणि शेजारीण आपले पाणी जरा आडोशाला जाऊन पिते. ते त्यांना कुणी शिकवलेले नसते. सर्वसमावेशक शिक्षणावर मुंबई-पुण्यात परिसंवाद भरतात, तेव्हा डोळ्यांपुढे भलतीच चकचकीत इमारत असते. खरी सर्वसमावेशक शाळा ही आहे. गळक्या पत्र्याची, अपुऱ्या शिक्षकांची, पण सगळ्यांची.

आणि तिचीच हेळसांड चालली आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 चा. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्याची कक्षा 6 ते 14 वर्षे, म्हणजे आठवीपर्यंत. माध्यमिक शाळेचे दार जिथे उघडते नेमके तिथेच कायदा हात सोडतो. खासगी शाळेत याच कायद्याने राखलेल्या 25 टक्के जागांपैकी एकीवर बसलेल्या मजुराच्या मुलाला नववीत पूर्ण शुल्काचा आकडा दिसतो आणि घरात चर्चा सुरू होते ती शाळेची नाही, कामाची. त्या 25 टक्क्यांवरही सरकारची नजर होतीच. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या जागांतून मोकळीक देणारी अधिसूचना राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये काढली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली, जुलैत ती रद्दच केली. न्यायालय नसते तर श्रीमंताच्या शाळेत गरिबाचे बाक आज उरले नसते. आठवीनंतर मात्र दाद मागायला कायद्याचे कलमच नाही. नव्या शिक्षण धोरणाच्या 2019 च्या मसुद्यात हा हक्क बारावीपर्यंत नेण्याची शिफारस होती. 2020 च्या अंतिम धोरणात ती शिफारस विरून गेली आणि तिच्या जागी गोड शब्द आले.

याची किंमत सर्वाधिक कोण मोजते हे परभणीला सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले, त्यांचे प्रमाण परभणी जिल्ह्यात 48 टक्के निघाले. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास असताना हा जिल्हा महाराष्ट्रात पहिला आला. अशा पहिल्या क्रमांकाचे फलक कुणी लावत नाही. आठवीनंतर घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळ यायला वेळ लागत नाही. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत आहे, ही सरकारच्या चांगल्या कामांतली एक गोष्ट. पण पास असून काय? शाळा सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जुळली नाही, तर दहावीच्या जादा तासाला मुलगी थांबणार कशी? अंधार पडल्यावर फाट्यावर उतरणाऱ्या मुलीची शाळा बाप एका वाक्यात बंद करतो, आणि त्याला सगळे गाव शहाणा म्हणते. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी, असा राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचा दंडक होता. तो जिथे पाळता आला नाही, तिथे निदान आगारप्रमुख आणि मुख्याध्यापक यांनी वर्षातून एकदा एका टेबलाशी बसून वेळापत्रक तरी जुळवावे.

अपंग विद्यार्थ्यांची गोष्ट जरा वेगळी, पण त्याच माळेतली. त्यांच्या बाबतीत कायदा पुढे गेला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या अपंगत्वांची दखल घेतली आणि ठरावीक प्रमाणाचे अपंगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले, की माध्यमिक स्तरावर अशा 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा. आता वर्ग पाहू. कानाला यंत्र लावलेला मुलगा पहिल्या बाकावर बसवला आहे. गुरुजी फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवत बोलतात. त्याला ओठ दिसत नाहीत, पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. गुरुजी वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलेच नाही. विशेष शिक्षक येतो कधीतरी, कारण त्याच्याकडे आणखी कितीतरी शाळा आहेत. दहावीच्या परीक्षेत या मुलाला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतील. वर्षभर जे ऐकूच आले नाही, ते जादा मिनिटांत कुठून येणार?

शिक्षकच पुरेसे नाहीत, तिथे विशेष शिक्षक कुठला, असे संस्थाचालक म्हणतील. खोटे नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे निकष बदलले आणि पट घसरलेल्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांवर टांगती तलवार आली. पट घसरला कारण ज्याला परवडते त्याने मुलाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवले. त्या पालकाला नावे ठेवण्याचा अधिकार निदान संस्थाचालकांना आणि पुढाऱ्यांना नाही. त्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात, हे परभणीत सर्वांना ठाऊक आहे.

पण सगळे खापर सरकारवर फोडून भागणार नाही. एक काम शाळा स्वतःच्या हाताने करते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते म्हणजे तुकड्या. ‘अ’ तुकडी सेमी इंग्रजीची. तिथे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी यांची मुले. ‘क’ आणि ‘ड’ पूर्ण मराठी. तिथे पिंगळीच्या गाडीने येणारी आणि वस्तीतून चालत येणारी. गणिताचे नावाजलेले सर ‘अ’ला, नवे तासिका तत्त्वावरचे ‘ड’ला. प्रयोगशाळेची पाळी ‘अ’ची आधी. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन ‘अ’चे, खुर्च्या उचलायला ‘ड’ची पोरे. निकाल लागला की फलकावर ‘अ’ची छायाचित्रे. गुणानुक्रमे तुकड्या पाडल्या, असे सांगितले जाते. पाचवीत ज्याच्या घरी शिकवणी होती त्याला गुण मिळाले, ज्याच्या घरी ऊसतोडीची उचल होती तो दिवाळीनंतर कारखान्यावर गेला. तेव्हा ही निवड गुणांची कमी आणि घराची जास्त असते. एकाच फाटकातून आत आलेली मुले जिना चढताच वेगळी होतात आणि दहावीपर्यंत एकमेकांची नावेही त्यांना नीट ठाऊक नसतात. शिवाय मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा निराळ्या आहेतच. निजामी अमलात शिकलेले या गावांतले वडीलधारे उर्दू सहज वाचत. त्यांची नातवंडे शेजाऱ्याच्या दुकानाची पाटी वाचू शकत नाहीत.

या दुराव्याचा परिणाम काय होतो, हे परभणी शहराने पाहिले आहे. 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानक परिसरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. अटकेतील सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक दप्तरात संविधानाची उद्देशिका होती, बालभारतीच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेली. परिपाठात ती वाचलीही जाते. पण ‘बंधुता’ हा शब्द ‘अ’ तुकडी एका मजल्यावर म्हणते आणि ‘ड’ तुकडी दुसऱ्या. शहरात तणाव असताना ज्याच्या घरी फोन करून ‘तुम्ही ठीक आहात ना?’ असे विचारावे, असा मित्र आपल्या वस्तीबाहेर किती मुलांना आहे?

एकत्र शिकवणे अवघड आहे, निकाल घसरेल, अशी शंका काढली जाईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हाचा समाज आजच्यापेक्षा कितीतरी कडवा होता. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, स्वयंपाक करून एका पंगतीला जेवली, आणि त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा निकाल काही घसरला नाही. शंभर वर्षांनंतर आपल्याला एका वर्गात बसवणेही जड जात असेल, तर अडचण मुलांची नाही.

नववी-दहावीचे शुल्क राज्याने भरावे, विशेष शिक्षकांची पदे भरावीत, यासाठी लोकप्रतिनिधींनी अधिवेशनात तोंड उघडले पाहिजे. त्याला पैसा लागेल आणि वेळही. तुकड्या कशा पाडायच्या याला मात्र ना निधी लागतो ना मंत्रालयाची सही. तो निर्णय मुख्याध्यापकांच्या दालनात होतो. जूनमध्ये शाळा उघडतील. सेमी इंग्रजीचे विषय वेगळे शिकवायचे असतील तर खुशाल शिकवावेत. परंतु हजेरी, मराठी, इतिहास, प्रयोग, खेळ आणि डबा एकत्र ठेवावा. आपले मूल कोणत्या तुकडीत घातले आणि का, हे पिंगळीच्या पालकाने पालकसभेत उभे राहून विचारावे. आणि त्या प्रश्नाला ‘अ’ तुकडीच्या पालकांनी साथ द्यावी.