करमुक्त निर्यात आणि अडकलेले भांडवल

माल परदेशी पाठवावा, कर पाठवू नये, हा अर्थशास्त्रातील एक साधा नियम आहे. आपल्या राज्यघटनेने तो प्रारंभीच मान्य केला. निर्यातीच्या ओघात होणाऱ्या विक्रीवर राज्यांनी कर बसवू नये, असे 286 वा अनुच्छेद सांगतो. 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने अशा विक्रीची व्याख्या केली. तथापि निर्यातदारास माल पुरविणारा उत्पादक या संरक्षणाबाहेर असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली सिराजुद्दिन प्रकरणात दिला. तेव्हा संसदेने 1976 मध्ये कायदा दुरुस्त करून निर्यातीच्या मागणीपूर्तीसाठी झालेली शेवटची देशांतर्गत विक्रीही करमुक्त केली. निर्यातदारामागे उभ्या असलेल्या लहान माणसाची दखल कायद्याने त्या वेळी घेतली होती.

1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. आता निर्यातीवर कराचा दर शून्य आहे आणि कच्च्या मालावर भरलेला करही परत मागता येतो. तत्त्व म्हणून ही व्यवस्था पूर्वीपेक्षा सरस आहे, यात संशय नाही. प्रश्न तत्त्वाचा नसून कालावधीचा आहे.

देशात माल विकणाऱ्या लहान उत्पादकास महाराष्ट्रात वार्षिक 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. निर्यात मात्र आंतरराज्य व्यवहार मानली जात असल्यामुळे थोडा माल परदेशी पाठविणाऱ्यासही नोंदणी, विवरणपत्रे आणि हिशेब यांचे बंधन येते. कर न भरता माल पाठवावयाचा, तर दर आर्थिक वर्षी हमीपत्र द्यावे लागते आणि बीजकाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जावा लागतो. दुसरा मार्ग कर भरून माल पाठविण्याचा व मागाहून परतावा घेण्याचा. मार्ग कोणताही घेतला, तरी स्वतःचे पैसे सरकारकडून परत येईपर्यंत थांबणे चुकत नाही.

समजा, सोलापूरच्या एका टॉवेल उत्पादकाने 20 लाखांचे सुती सूत घेतले. पाच टक्क्यांनी एक लाख रुपये कर झाला. बँकेकडून त्याने 12 टक्के व्याजाने कर्ज काढले आहे. अर्ज केल्यापासून परतावा हाती पडेपर्यंत चार महिने गेले, तर बँकेचे व्याज चार हजार रुपये होते. सरकार व्याज देते ते सहा टक्क्यांनी, आणि तेही पहिले 60 दिवस सोडून. म्हणजे एक हजार रुपये. उरलेले तीन हजार रुपये कोणत्याही कायद्यात न लिहिलेला कर होय. मोठ्या कंपनीस तो जाणवत नाही. लहान कारखानदाराच्या बाबतीत मात्र पुढच्या मागणीसाठी लागणारे सूतच त्या पैशांवाचून अडते. प्राप्तिकराच्या परताव्याची वाट नोकरदार वाचकानेही पाहिलेली असते. परंतु त्याचे घर पगारावर चालते, कारखानदाराचा माग त्या अडकलेल्या पैशावरच चालतो.

परताव्याच्या 90 टक्के रक्कम तात्पुरती देण्याची तरतूद नियमांत आहे, हे खरे. परंतु अर्जात त्रुटी निघाली की नवा अर्ज करावा लागतो आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्याच्यापाशी स्वतंत्र हिशेबनीस नाही, त्याच्याच अर्जात त्रुटी अधिक निघणार, हे उघड आहे.

खोट्या बीजकांच्या आधारे परतावा लाटणारेही आहेत, म्हणून तपासणी हवीच, असे अधिकारी म्हणतील. ते रास्त आहे. मात्र तपासणीचा खर्च प्रामाणिक माणसाच्या माथी का मारावा? शासनास शंका घेण्याचा अधिकार आहे. ती फिटेपर्यंत दुसऱ्याचे पैसे बिनव्याजी वापरण्याचा नाही.

यास्तव तीन गोष्टी कराव्यात. लहान निर्यातदारास परताव्यावरील व्याज अर्जाच्या दिवसापासून मिळावे. सर्व त्रुटी एकदाच कळवाव्यात व त्या दुरुस्त झाल्यावर मूळ अर्जाचीच तारीख धरावी. हमीपत्र दरवर्षी न मागता एकदा दिलेलेच पुढे चालू ठेवावे. कर भरून केलेल्या निर्यातीच्या परताव्यास असलेली किमान रकमेची अट काढून टाकावी, अशी शिफारस वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर 2025 मध्ये केली. टपालाने वा कुरिअरने माल पाठविणाऱ्या छोट्या निर्यातदारांचा विचार त्यामागे होता. म्हणजे अडचण दिल्लीस अज्ञात नाही.

निर्यात वाढली पाहिजे, असे आवाहन प्रत्येक सरकार करीत आले आहे. त्यासाठी लहान उत्पादकास अनुदान देण्यापूर्वी त्याचे स्वतःचे पैसे वेळेवर परत द्यावेत. त्यात उपकार कोणताच नाही. केवळ देणे चुकते करणे आहे.